तसं सरळ नसतं ते

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या कुठल्याही उपाहारगृहात आमचे साडू अण्णा शिरले, की मेनू हातात आल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत निदान अर्धा तास जातो. अमर्याद थाळी अठरा डॉलर. सुटं घेतलं तर पुरीभाजी नऊ, ताक तीन, गोड पाच. "एका डॉलरचा तर प्रश्न आहे, थाळी घ्या," मी म्हणतो. अण्णा चष्मा कपाळावर ढकलतात आणि शांतपणे म्हणतात, "तसं सरळ नसतं ते." थाळीत आमटीची दुसरी वाटी फुकट, पण ती आपण घेणार का? घेतली, तर भूक होती म्हणून घेतली की पैसे भरलेत म्हणून? तोवर वेटर तीनदा येऊन गेलेला असतो. शेवटी अण्णा सुटं मागवतात आणि बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, थाळीतली जिलेबी खातात.

असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. वस्तू घेण्यापेक्षा ती कोणती घ्यावी यातच त्याचं सुख साठलेलं असतं. अण्णांच्या घरी गादीची निवड चौदा महिने चालली होती. तेवढे दिवस दोघं सतरंजीवर झोपली. "पाठीला चांगलंच असतं," अण्णा म्हणायचे. ताई काही म्हणायच्या नाहीत. ताईंचा संसार काही न म्हणण्यावरच उभा आहे.

मूळचे सांगलीचे अण्णा वायटूकेच्या लाटेत इकडे आले आणि पंचवीस वर्षं एकाच कंपनीत टिकले. तिथला आरोग्य विमा आपोआप चालत होता, त्यामुळे या आघाडीवर त्यांच्या बुद्धीला वाव नव्हता. मग पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली, अण्णा कंत्राटी कामं घेऊ लागले आणि विमा स्वतः विकत घ्यायची वेळ आली. परवडला तो सात हजार डॉलर डिडक्टिबलचा. म्हणजे पहिले सात हजार आपल्याच खिशातले. विमा कंपनी लांबून शुभेच्छा देणार. नेहमीच्या डॉक्टरांची वेळ पाच आठवड्यांनी मिळायची, आणि मिळाली की ते दहा मिनिटं कॉम्प्युटरशी बोलून निघून जायचे. तेव्हा कोणीतरी अण्णांना सांगितलं, की हल्ली वर्गणी भरून डॉक्टर धरता येतो. बस्स. पुढची तीन वर्षं आम्ही दुसरा विषय ऐकला नाही.

अण्णांनी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. त्याचं नाव 'डॉक्टर_अंतिम_7'. त्यात तीन रंग.

पिवळा रंग कॉन्सिअर्जचा. हे प्रकरण 1996 साली सिॲटलमध्ये सुरू झालं. सुरू करणारे डॉक्टर तिथल्या सुपरसॉनिक्स बास्केटबॉल संघाचे डॉक्टर होते, हे अण्णा दर वेळी सांगतात. खेळाडूंना जी सेवा मिळते ती श्रीमंतांना का मिळू नये, असा एकूण विचार. वर्षाला हजारांत फी; मोबदल्यात डॉक्टरांचा स्वतःचा फोन नंबर आणि ऐसपैस तपासणी. मात्र बहुतेक ठिकाणी हे डॉक्टर विम्याकडेही बिल पाठवतात. "म्हणजे दारात तिकीट काढायचं आणि आत खुर्चीचे पैसे वेगळे," अण्णांचा शेरा.

हिरवा रंग डायरेक्ट प्रायमरी केअरचा. इथे विम्याचा संबंधच नाही. महिन्याला साधारण पन्नास ते शंभर डॉलर द्यायचे. हवं तेव्हा भेटा, फोन करा, मेसेज करा. रक्ततपासण्या घाऊक भावाच्या आसपास. बिलांची कारकुनी नाही, म्हणून डॉक्टरांना दोनअडीच हजार पेशंट ठेवावे लागत नाहीत, काही शेकड्यांत भागतं. पण हॉस्पिटल, शस्त्रक्रिया, स्पेशालिस्ट यातलं काही नाही. त्यासाठी विमा ठेवायचाच. शिवाय सिॲटलचीच क्लायन्स ही या पद्धतीतली गाजलेली कंपनी 2007 मध्ये निघाली आणि 2017 मध्ये बंद पडली. "बंद पडली ना!" हे अण्णा अशा सुरात सांगतात, जणू त्यांची ठेव त्यात बुडाली होती.

निळा रंग वन मेडिकल या दवाखान्यांच्या साखळीचा. 2023 मध्ये ॲमेझॉनने ती 3.9 अब्ज डॉलरला घेतली. वर्षाची वर्गणी 199 डॉलर, प्राइमवाल्यांना 99. विमा लागतो तो वेगळाच. "स्वस्त आहे की," मी म्हणालो. त्यावर काय उत्तर आलं ते सांगत नाही.

चौथा एक करडा रंगही आहे, '2032 नंतर' या नावाचा. तेव्हा अण्णा पासष्टचे होतील, मेडिकेअर हा सरकारी विमा लागू होईल, आणि डायरेक्टवाले बरेच डॉक्टर मेडिकेअरमधून बाहेर पडलेले असतात. आज डॉक्टर धरला आणि सात वर्षांनी सोडावा लागला तर? मनाला लागेल ना!

यातले कित्येक डॉक्टर सभासद होण्याआधी एकदा फुकट भेटतात. हे कळल्यावर अण्णांनी पाच गावच्या पाच डॉक्टरांना भेटी दिल्या. सोबत एक्केचाळीस प्रश्नांचा कागद. 'रात्री दोन वाजता मेसेज केला तर उत्तर कोण देतं?' इथपासून 'आपण निवृत्त कधी होणार?' इथपर्यंत. एका बिचाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्केचाळीसही उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला होतंय काय?" अण्णा गोंधळले. हा प्रश्न कागदावर नव्हता.

इतकं करून निर्णय होत नव्हता, कारण अण्णांकडे एक ब्रह्मास्त्र होतं. अशी मासिक वर्गणी भरली तर उपचारखर्चासाठीच्या एचएसए या करमुक्त खात्यात पैसे घालता येत नाहीत, असं करखात्याचं म्हणणं होतं. कोणी फार मागे लागलं की अण्णा हे अस्त्र काढायचे. पण जुलै 2025 मध्ये कायदा बदलला. 1 जानेवारी 2026 पासून माणशी महिना 150 डॉलरपर्यंतची वर्गणी चालेल, असं ठरलं. ती बातमी मीच उत्साहानं फोन करून दिली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "हं. बघतो." एखाद्याचं जुनं दुखणं एका रात्रीत बरं झालं आणि आता दिवस कसा घालवायचा कळेना, तसा तो आवाज होता.

त्या हिवाळ्यात अण्णांच्या आई आल्या होत्या. वय ब्याऐंशी, माहेर तासगावकडचं. एका रविवारी अण्णांनी त्यांना तक्ता समजावला. आई वाल सोलता सोलता ऐकत होत्या.

"म्हणजे बलुतंच की रे हे," त्या म्हणाल्या. "आमचा न्हावी वर्षभर यायचा. कुणी दहादा डोकं पुढं करा, कुणी दोनदा. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. हिशेब कोण ठेवतंय?"

"आणि हे पिवळं?"

"ते बलुतं घेऊन वर दर खेपेला वाटीभर मागणाऱ्याचं." वालाची एक बी टोपलीत पडली. "पण तुझा डॉक्टर आहे ना सांगलीला? त्याला बलुतं देतोसच की."

हे मात्र कोणत्याच रंगात नव्हतं. अण्णांचा एक शाळासोबती सांगलीत डॉक्टर आहे. खोकला झाला, जुलाब झाले, गोळी कोणती घेऊ, सगळं त्याला व्हॉट्सॲपवर. इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिथे सकाळचे साडेसात. तो कृष्णेच्या घाटावर फिरता फिरता उत्तर देतो. वर्गणी : भारतवारीत तीन पौंड बदाम आणि एक टॉर्च. परतताना उलट आहेर भडंगाचा. पंचवीस वर्षं अण्णा सभासद होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

फेब्रुवारीत अण्णांच्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. चादरीचा स्पर्श सोसेना. अण्णांनी वेगवेगळ्या कोनांतून सात फोटो सांगलीला पाठवले. उत्तर आलं ते लेखी नव्हतं, फोनच आला, आणि तो स्पीकरवर होता.

"लेका, गाउट असावा. पण फोटोतून मला रक्त काढता येत नाही. गुडमॉर्निंगच्या फुलांमध्ये तुझा अंगठा बघतोय मी! तिथं पाच डॉक्टर बघून ठेवलेस ना? त्यातला एक धर. आत्ता."

ताई उठल्या, त्या एक्केचाळीस प्रश्नवाल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, कार्डाचा नंबर सांगितला. दोघांचे महिन्याला एकशेऐंशी. तीन वर्षांचं काम चार मिनिटांत झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अण्णांना पन्नास मिनिटं दिली. अंगठा पाहिला, युरिक ॲसिडची तपासणी लिहिली, मग झोप, जेवण, नोकरी गेली तेव्हाचे दिवस, सगळं विचारत गेल्या. परत येताना गाडीत अण्णा गप्प होते. टर्नपाइक लागल्यावर म्हणाले, "वडील गेले तेव्हा कसं झालं, हेही विचारलं त्यांनी." पुढे काही बोलले नाहीत. मिनिटाला किती पडले, हेसुद्धा नाही.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो, तर भडंगाचा डबा रिकामा. सांगलीहून आलेलं शेवटचं पाकीट डॉक्टरीणबाईंकडे पोचल्याचं ताईंनी हळूच सांगितलं.

"म्हणजे अण्णा, ठरलं म्हणायचं?"

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तसं सरळ नसतं ते. महिन्याचा करार आहे, कधीही सोडता येतो." आणि आत वळून ताईंना म्हणाले, "अगं, सांगलीला फोन केलास की पाकिटं दोन सांग. त्यांना तिखट सोसतं म्हणाल्या."