मिक्स माल

शिडाच्या बोटीत पुढचं शीड उतरवायची गरज नेमकी कधी पडते? वारा चढलेला असतो, लाटा नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, आत येत असतात आणि शहाण्या माणसाने नाळेपासून शक्य तितकं लांब बसावं अशी परिस्थिती असते, तेव्हा. मग आमच्या बोटीचा मालक आणि एकमेव हक्काचा खलाशी, म्हणजे मी, रांगत पुढे जातो, फडफडणाऱ्या कापडाला मिठी मारतो आणि चष्म्यावर थपडा खातो. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणाऱ्यांची करमणूक फुकटात होते.

या हालांवर इलाज आहे. त्याला फर्लर म्हणतात. नाळेवर एक ड्रम, त्यावर गुंडाळलेली दोरी. ड्रमपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत गेलेली, तुकड्यातुकड्यांनी जोडलेली ॲल्युमिनियमची लांब पट्टी. ती आतून पोकळ, आणि तिच्या पोटातून डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी पोलादी तार. वरच्या टोकाला, शीड चढवायची दोरी अडकवण्यासाठी, बेअरिंगवर फिरणारं कडं. शिडाची कड पट्टीच्या खाचेत सरकवायची, मागे सुकाणूपाशी बसून दोरी ओढायची, की ड्रम फिरतो, पट्टी फिरते आणि शीड सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलं जातं. इंग्लंडमध्ये वायकम मार्टिन नावाच्या गृहस्थांनी याचा साधा अवतार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढला होता. स्वीडनच्या सेल्डेन कंपनीचं फर्लेक्स १९८३ साली बाजारात आलं. म्हणजे जग इतकी वर्षं आरामात बसून दोरी ओढतंय आणि मी रांगतोय.

नव्या फर्लरची किंमत मी काढली. त्यात आयातशुल्क मिळवलं. मग आमची बोट मी केवढ्याला घेतली होती ते आठवलं आणि हिशेबाचा कागद बायकोच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकला.

धक्क्यावरच्या ओळखीच्या तांडेलाला मी फर्लरची महती समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि ही दोरीच तुटली तर?"

"तर शीड आपोआप उलगडतं."

"वाऱ्यात?"

"वाऱ्यात."

"मग?"

"मग पुढे जाऊन उतरवायचं."

"ते तर आताही करताच की, साहेब."

तांडेलाला यंत्रयुगाची जाण नाही, असा निष्कर्ष काढून मी दारूखान्याचा रस्ता धरला. तिथे, रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकणाऱ्या वखारी आहेत. नांगराच्या साखळ्या, पितळी खिडक्या, लाइफ जॅकेटं, जहाजाच्या मुदपाकखान्यातले टोप, सगळं तिथे मिळतं. अशाच एका वखारीत, कुठल्याशा मोडलेल्या यॉटचा फर्लर भिंतीला टेकून उभा होता. ड्रम, कडं, पट्टी, आतली तार, सगळं जागच्या जागी. माझा चेहरा पाहूनच वखारवाल्याने भाव ठरवला असणार.

"इंपोर्टेड यॉट का माल है, साब. सब तीनसौसोला स्टील. मॅग्नेट लगाके देखो."

त्याने खिशातून चुंबक काढून ड्रमच्या स्क्रूला लावलं. चिकटलं नाही. ३१६ जातीच्या पोलादाला चुंबक धरत नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुकानदाराच्या तोंडून ऐकली की घासाघीस करायची ताकद निघून जाते. मी पैसे मोजले.

पट्टीचे तुकडे जागेवरच सुटे करायचे आणि टॅक्सीच्या टपावर टाकून न्यायचे, हा बेत पहिल्याच स्क्रूने हाणून पाडला. तो हलेना. तेव्हा अख्खी दहा मीटरची पट्टी हातगाडीवर आडवी घालून, टोकाला लाल फडकं बांधून आमची वरात परळकडे निघाली. हातगाडीवाला पुढे आणि पट्टीच्या मागच्या टोकाला मी. ती इतकी लवचीक, की हातगाडी वळून गेली तरी माझं टोक बराच वेळ आधीच्या रस्त्यावर राही. मंडपाचा पाइप समजून एका मंडळाच्या कार्यकर्त्याने भाव विचारला. हा बोटीचा भाग आहे, असं मी अभिमानाने सांगितलं. त्याने माझ्याकडे आणि मग रस्त्यावर कुठे बोट दिसते का ते पाहिलं.

दोर लावून पट्टी आमच्या इमारतीच्या गच्चीवर चढवली आणि कारखाना सुरू झाला.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगणं भाग आहे, कारण मी ते त्याच वेळी शिकत होतो. पट्टी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि दोघांच्या मध्ये समुद्राचं खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मीठपाणी म्हणजे घरगुती बॅटरी. या बॅटरीत स्टील ऐटीत राहतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. झिजून त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि आट्यांमध्ये जागा असते कुठे? मग ती स्क्रूला चारही बाजूंनी आवळते. हे टाळायला जोडतानाच स्क्रूला लॅनोलिनसारखा एखादा लेप लावायचा असतो. आधीच्या मालकाने तेवढं बोटभर लॅनोलिन वाचवलं होतं.

पहिल्या ॲलन कीने स्क्रूच्या डोक्यातल्या षटकोनाचं वर्तुळ केलं. ड्रिल घेतलं तर ते कडक स्टीलवरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं आणि स्क्रू होता तिथेच राहून त्याच्या शेजारी एक नवं भोक तयार झालं. झिरपणारं तेल रात्रभर घालून ठेवलं. ते स्क्रू सोडून सगळीकडे झिरपलं, अगदी शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या पापडांच्या चादरीपर्यंत. ॲल्युमिनियमची भुकटी व्हिनेगरमध्ये विरघळते असं कळल्यावर स्वयंपाकघरातली बाटली वर गेली. बायको म्हणाली, "तुझं लोणचं झालं की सांग."

गच्चीच्या दारावर सोसायटीची सूचना लागली: 'गच्चीवर जहाजदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.' अशी सूचना लागलेली परळमधली ती बहुधा एकमेव इमारत असावी. मला क्षणभर बरंच वाटलं. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने शिडाची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ती करणारे ते पहिले भारतीय. मीही एकटाच होतो. फरक इतकाच, की त्यांना वाटेत सोसायटीचे सेक्रेटरी भेटले नाहीत.

शेवटी वखारवाल्याला फोन लावला. माल परत घेणार का?

"मिक्स है, साब. ॲल्युमिनियम में स्टील फँसा है. अलग करके लाओ, फिर भाव मिलेगा."

अलग करता आलं असतं तर फोन कशाला केला असता, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मी ब्लो टॉर्च आणला. धातू तापला की ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. तत्त्व शंभर टक्के खरं. पण लोखंड तापताना आधी लाल होऊन माणसाला सावध करतं. ॲल्युमिनियम ती सभ्यता पाळत नाही. ते ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंगात काही फरक दाखवत नाही. त्याच्या कितीतरी आधी त्याची कमावलेली ताकद उतरते. स्क्रू सुटला! मी विजयाची आरोळी ठोकून पट्टी उचलली, तर तापवलेल्या जागी तिने मान टाकली. तो नमुना कंपनीने कधीच बंद केलेला, त्यामुळे तसा दुसरा तुकडा मिळणार नव्हता.

तरी वरचं फिरतं कडं शाबूत होतं. ते उघडताना खाली चादर अंथरावी, असं जाणकार सांगतात. चादर पापडांच्या प्रकरणात जप्त झाली होती. झाकण निघालं आणि बेअरिंगचे छर्रे टणटणत चारी दिशांना सुटले. आमच्या गच्चीला उतार नीट नाही, पाणी साचतं, अशी लेखी तक्रार मीच सोसायटीकडे केली होती. छर्ऱ्यांनी ती खोटी पाडली. एकूण एक छर्रा शिस्तीत पावसाळी पाइपाच्या तोंडाशी गेला आणि आत उतरला. वॉचमनने सुतळीला चुंबक बांधून आणलं. आम्ही ते पाइपात खालीवर करत राहिलो. वखारवाला खोटं बोलला नव्हता. माल अस्सल ३१६ होता, चुंबकाला एकही छर्रा लागला नाही.

राहिली आतली तार. एकोणीस पदरी, खालच्या टोकाशी दोन पदर तुटलेले. अशा तारांना साधारण दहा वर्षांनी निरोप द्यावा असा संकेत आहे, आणि हिने तो केव्हाच ओलांडला होता. दोन्ही टोकांना दाबून बसवलेल्या मुठी पट्टीतून बाहेर निघत नाहीत, तेव्हा तार कापावी लागली. आता फर्लरमध्ये फर्लर असा काही उरला नव्हता.

मात्र एव्हाना हाताला वळण पडलं होतं. गमावण्यासारखं काही न राहिल्यावर उरलेले स्क्रू एकामागून एक निघाले: थोडी ऊब, एक नेमका ठोका, आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. काही तुटले, तेही मुळापासून काढले. दोन पोती भरली आणि दारूखान्यात नेली.

घेताना जो इंपोर्टेड यॉटचा माल होता तो विकताना भंगार असणार, हे मी धरूनच गेलो होतो. वखारवाल्याने पोती ओतली. ॲल्युमिनियमचा एकेक तुकडा उचलून भोकातून आरपार पाहिलं. कुठेही स्टीलचा कण नव्हता.

"किसने खोला?"

"मैंने."

त्याने मला पहिल्यांदाच नीट निरखलं. काट्यावर माल टाकला, दोन्हींचे वेगवेगळे पैसे दिले आणि वखारीच्या मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे आउटबोर्ड इंजिनं, पंप, विंच, कप्प्या, सगळं मिठाने एकमेकांत रुतून बसलेलं, छताला टेकेल इतकं रचलं होतं.

"मिक्स माल बहुत पडा है, साब. किलो के हिसाब से देंगे."

मी किलोचा भाव विचारला, हे अजून घरी सांगितलेलं नाही.