हातभर इंजिनाला पाचशे टनांचे वजन कसे द्यावे

खेळण्यातली आगगाडी नुसती धावलेली ज्यांना पाहवत नाही, अशा प्रौढ सज्जनांसाठी हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी पूर्वीप्रमाणे ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवावी. गाडी लगेच सुटेल आणि त्यांचे आयुष्य सुखात जाईल.

पार्श्वभूमी

जुन्या पद्धतीत रुळावर वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिने एकदम निघत. ही बेशिस्त मोडण्यासाठी जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीने विकसित केलेली पद्धत पायाभूत धरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात डीसीसीचे (डिजिटल कमांड कंट्रोलचे) मानक ठरवले. आता वीज आणि हुकूम एकाच रुळातून जातात. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर एक, साधारण १०० किंवा त्याहून लांब असली तर शून्य. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे एक-शून्य वाचतो आणि हुकूम आपल्या नावचा असेल तरच हलतो.

नमुन्यादाखल युनियन पॅसिफिकचे बिग बॉय क्रमांक ४०१४ घेऊ. हे १९४१ सालचे वाफेचे अजस्र इंजिन २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आले. टेंडरसह त्याचे वजन पाचशे टनांहून जास्त. एच.ओ. म्हणजे १:८७ प्रमाणात ते हातभर लांबीचे होते, आणि वजन मात्र कुठल्या कुठे जाते. गेलेले वजन आकड्यांनी परत आणणे, हेच आपले कार्य.

तारा

लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. मोटरचा सांगाड्याशी कुठेही विद्युतसंबंध राहू देऊ नये. राहिल्यास धूर निघेल. इंजिन वाफेचे असले तरी हा धूर त्याचा समजू नये.

प्रोग्रॅमिंग ट्रॅक

मुख्य मार्गापासून पूर्ण तोडलेला हातभराहून थोडा लांब रूळ वेगळा ठेवावा. या रुळावरचे हुकूम पत्ता न लिहिता जातात. जो कोणी तिथे उभा असेल तो ते ऐकतो. विलगीकरणात कसूर झाली, तर शेडमधल्या सगळ्या इंजिनांना एकच नंबर लागतो आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी एकाच वेळी कामावर निघतात.

इथे डिकोडरशी बोलायची रीतही समजून घ्यावी. त्याला फक्त ‘हो’ म्हणता येते. ‘हो’ म्हणायचे झाले की तो किमान ६० मिलिअँपिअर जादा प्रवाह सुमारे ६ मिलिसेकंद ओढतो. त्यासाठी बहुधा मोटरला धक्का देतो आणि इंजिन जागच्या जागी दचकते. ‘नाही’ म्हणजे मौन. चाकांवर काजळी असेल तरीही मौनच. म्हणून उत्तराचा अर्थ लावत बसण्यापूर्वी चाके पुसावीत.

पत्ता

डिकोडरमधल्या प्रत्येक सेटिंगला सीव्ही म्हणतात. त्यात ० ते २५५ यांपैकी आकडा बसतो. सीव्ही १ मध्ये छोटा पत्ता असतो आणि कारखान्यातून तो ३ असा येतो. सर्वच नव्या इंजिनांचे नाव ३ असल्याने बारशाला विलंब करू नये.

४०१४ हा आकडा एका सीव्हीत मावत नाही, म्हणून तो दोन ठिकाणी विभागून ठेवावा लागतो. ४०१४ ला २५६ ने भागावे. भागाकार १५, बाकी १७४. भागाकारात १९२ मिळवून येणारे २०७ सीव्ही १७ मध्ये आणि १७४ सीव्ही १८ मध्ये लिहावेत. १९२ का, असे विचारणाऱ्यास चहा करायला पाठवावे. मग सीव्ही २९ मध्ये कारखान्यातून बहुधा ६ असतात, त्यांत ३२ मिळवून ३८ लिहावे, म्हणजे डिकोडर लांब पत्ता मानू लागेल. इंजिन पुढे म्हटल्यावर मागे गेले, तर ३९ लिहावे. हीच कामे जेएमआरआयचे डिकोडर प्रो हे फुकट सॉफ्टवेअर चुटकीसरशी करते, पण त्यात भागाकाराचा आनंद नाही.

वजन

आता मुख्य विधी. सीव्ही ३ वेग घेण्याचा, सीव्ही ४ वेग सोडण्याचा. मानकातल्या सूत्रानुसार इथला आकडा ०.८९६ ने गुणला की पूर्ण वेगाला लागणारे सेकंद मिळतात. काही उत्पादकांचा हिशेब वेगळा असतो. ० लिहिले तर बिग बॉय टुणकन उडी मारतो, जे पाचशे टनांना शोभत नाही. ६० लिहिले तर सुमारे ५४ सेकंद. २५५ लिहिले तर सुमारे पावणेचार मिनिटे. सीव्ही ४ मध्येही २५५ लिहिण्याचा मोह होईल. तत्पूर्वी टेबलाची लांबी मोजावी. टेबल आधी संपत असेल, तर आणीबाणीचे बटण हाताशी ठेवावे. ते सीव्ही ४ ला जुमानत नाही.

शंकासमाधान

वेग वाढवताना पुढचा दिवा उघडझाप करतो. — कंट्रोलर वेगाच्या २८ पायऱ्यांत बोलतो आहे आणि डिकोडर १४ पायऱ्यांत ऐकतो आहे. सीव्ही २९ मध्ये २ मिळवावेत.

आकड्यांचा पार गोंधळ झाला. — बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिले की सगळे कारखान्यासारखे होते. इंजिनाचे नाव पुन्हा ३.

घरचे म्हणतात, पूर्वी ही गाडी छान पळायची. — पळायची, हाच तर दोष होता.

मूठ पूर्ण फिरवूनही गाडी जेमतेम सरकताना बघून पाहुणे म्हणाले, “बिघडली वाटतं.” — हे प्रमाणपत्र समजावे. खुलासा करू नये. पाहुणे गेल्यावर सीव्ही ३ मध्ये आणखी पाच वाढवावेत.