स्मार्ट दार, हुशार शेजार

व्हिडिओ डोअरफोन घेताना आपण १०८०पी रिझोल्यूशन, रात्री दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा, मोबाइलवर वाजणारी घंटा, सगळं पारखून घेतो. बऱ्याच वायफाय डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हे घरी आल्यावर कळतं. राउटर बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती आणि लोखंडी सेफ्टी डोअर. स्क्रीनवर कुरिअरवाल्याचं कपाळ उमटेपर्यंत तो पार्सल वॉचमनकडे टाकून मोकळा. वीज गेली की राउटर आडवा; पाहुणे कडी वाजवतात. जुनं रेकॉर्डिंग पाहायचं तर क्लाउडची वर्गणी भरा. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण किती वाजता आलं-गेलं, याची नोंद मात्र तारीखवार होते. पूर्वी त्यासाठी दार किलकिलं करून उभं राहावं लागे. आता त्याला सुरक्षा म्हणतात.