सूर्याची रात्रपाळी

रविवार हा जोतिबाचा वार. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर पहाटेपासून चांगभलं सुरू होतं, गुलाल-खोबरं उधळलं जातं. खाली कोल्हापुरात आमचा रविवार साडेनऊला उगवतो. पडदे ओढलेले, हातात मोबाईल. देव कधीच उठला; भक्त अंथरुणातूनच स्टेटसवर त्याचं दर्शन घेतोय.

शनिवारी दीडपर्यंत जागायचं, रविवारी दुपारपर्यंत लोळायचं आणि सोमवारी डॉक्टरांना विचारायचं, "अंग जड वाटतंय, काय कमी पडलं असेल?"

ऊन.

घरातल्या दिव्यांचा उजेड फार तर दोन-चारशे लक्स. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत असतो आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आपण मात्र 'उजेडाचा फ्लॅट' म्हणून दोन लाख जास्त मोजतो, आणि मग खिडक्यांना जाड पडदे शिवतो.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम बघणं नाही, मेंदूला वेळ कळवणं. 2002 साली त्यांचा पक्का पत्ता लागला. निळसर उजेड दिसला की त्या वर्दी देतात: दिवस आहे, झोपेचं मेलॅटोनिन थांबवा. रात्री बाराला मोबाईल समोर धरला तरी त्या इमानानं तीच वर्दी देतात. तुम्ही 'शेवटचं एकच रील' बघताय, हे त्यांना कोण सांगणार?

खरं तर मोबाईलचा उजेड तसा किरकोळ. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला तो फारसा बाधत नाही. बाधतो तो दिवसाही अंधारात बसणाऱ्याला. पण कंपन्यांनी उपाय दिलाय ना, पडदा पिवळा करणारं बटण! ते दाबायचं आणि निर्धास्तपणे आणखी तासभर जागायचं.

त्यात आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येईपर्यंत साडेबारा होतात. म्हणजे सातची शाळा सूर्याच्या हिशेबानं साडेसहाची. 2024 साली सरकारनं फर्मान काढलं, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत. पोरांना झोप मिळावी म्हणून. घरातला टीव्ही कितीला बंद करायचा, त्याचं फर्मान कोण काढणार?

अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण देवीपर्यंत पोचतात की नाही, याकडे अख्खं शहर डोळे लावून बसतं. वाटेतल्या इमारतींचे अडथळे मोजले जातात, बातम्या होतात. पोराच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत एखादा किरण पोचतो का?

त्याची पाहणी नसते.

मोबाईलचं हे झालं हौसेचं जागरण. सक्तीचं बघायचं असेल तर शहराबाहेर उसात जा. शेतीपंपाला वीज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की डोक्याला बॅटरी बांधून पाणी पाजायला निघायचं. पायाखाली चिखल, बांधाला साप, नशीब जोरात असेल तर समोर गवा. आणि सकाळी जनावरांच्या धारा काही चुकत नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले. मागणी काय, तर दिवसा दहा तास वीज द्या. म्हणजे दिवसा काम आणि रात्री झोप! एवढ्यासाठी या राज्यात आंदोलन करावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2007 सालीच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलंय. कारखान्यातल्या कामगाराला निदान पाळीचा भत्ता मागता येतो. उसाच्या सरीत उभ्या असलेल्या माणसाला काय? डास.

आणि त्याच रात्री शहरातल्या चौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांची होर्डिंग्ज झगझगत असतात. भाऊ, दादा, साहेब, सगळे प्रकाशात. त्यांच्यासाठी वीज रात्रभर आहे.

आता सौर कृषी वाहिनी योजना आलीय, दिवसा वीज मिळेल म्हणतात. शेतकऱ्यांचा या खेपेला थोडाफार विश्वास बसतोय, पण तो सरकारवर नव्हे. रात्रपाळीला ठाम नकार देणारा अख्ख्या वीजव्यवस्थेत एकटा सूर्यच आहे, म्हणून.