चार अक्षरांचा साहेब

कंपनीत कुणाला वरच्या खुर्चीसाठी तयार करायचं ठरलं की आधी त्याच्या हातात एक प्रश्नावली येते. थोड्या वेळात चार इंग्रजी अक्षरं बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस मीटिंगमध्ये सांगू लागतो, ‘मी आयएनटीजे आहे, मला लोकांत मिसळणं जमत नाही.’ ज्याला लोकांत मिसळायला शिकवायचं होतं, त्याच्या हाती आपणच न शिकण्याचं कारण दिलं. माझं या प्रकाराशी भांडण आहे.

मायर्स-ब्रिग्ज ही ती चाचणी. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या ग्रंथावरून बांधली. दोघीही मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या नव्हत्या. त्याला माझी हरकत नाही. हरकत मोजमापाला आहे. अंतर्मुख ते बहिर्मुख ही एक सलग पट्टी असते आणि बरीच माणसं तिच्या मध्याच्या आसपास असतात. ही चाचणी नेमकी मध्यावर रेघ मारते. रेघेच्या जरा अलीकडचा एका गटात, जरा पलीकडचा दुसऱ्या गटात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं तरी अक्षर बदलतं. एकाच पोत्याचं दोनदा वेगळं वजन दाखवणारा काटा आपण वाण्याकडे चालवून घेत नाही.

मग ‘हुबेहूब माझंच वर्णन’ असं लोक का म्हणतात? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून व्यक्तिचित्र दिलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले! अहवाल पटला म्हणजे तो खरा ठरला, असं नाही.

मायर्स-ब्रिग्ज चाचणी भरतीसाठी वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात.

माणसाला गटात न कोंबता प्रत्येक गुण किती आहे ते मोजणारी पाच गुणांची चौकट तिच्यापेक्षा भरवशाची. त्यातल्या कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी संबंध बॅरिक आणि माउंट या संशोधकांना १९९१ साली, तपासलेल्या सगळ्या व्यवसायांत आढळला. होगन या मानसशास्त्रज्ञांची एक चाचणी ताण आल्यावर उफाळणारे ११ दोष शोधते. वरच्या खुर्चीसाठी मला ती जास्त कामाची वाटते, कारण साहेब बुडतो तो बहुधा गुण कमी पडल्याने नव्हे, दोष आवरता न आल्याने.

तरीही या सगळ्यात माणूस स्वतःबद्दलच सांगत असतो. साहेब चिडला की काय करतो, हे त्याच्या हाताखालच्या माणसांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना विचारा, नावं बाहेर फुटणार नाहीत याची हमी देऊन विचारा. आणि त्यांच्या उत्तरांचा अहवाल साहेबाच्या विकासासाठी घेतला असेल तर बढतीच्या फायलीत लावू नका. एकदा लावलात की पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही.

एचआरच्या मंडळींनो, चाचणी विकायला येणाऱ्याचं चकचकीत सादरीकरण बाजूला ठेवा. पुन्हा घेतल्यावर निकाल किती टिकतो आणि प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध किती, हे दोन आकडे मागा. ते नसतील, तर पैसे देऊ नका.