हा कामून झोपलाय?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या सरावासाठी भाच्यानं लातुरात एक स्मरणचित्र काढलं. विषय ‘दुपारची विश्रांती’. ताईनं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लातूर-नांदेड दोन्हीकडची विश्रांती संपली.

चित्रात फार काही नव्हतं. डोक्याचा गोल, मानेखाली दुमडलेला हात, एक गुडघा वर, त्यावर टाकलेला दुसरा पाय. पायाचा अंगठा मात्र भलताच मन लावून काढलेला, नखासकट. स्मरणचित्रात चेहरा जमत नाही म्हणून पोरं माणसं पाठमोरी काढतात. यानं माणूस झोपवूनच टाकला, म्हणजे डोळ्यांचीही कटकट नाही. खाली दोन समांतर रेघा.

‘कामून झोपलाय हा?’ आबांचा पहिला सवाल. उत्तरही त्यांचंच. आडवा पुरुष दिसला की आबांच्या लेखी तो शेषशायी विष्णू. रेघा म्हणजे शेष. फणा कुठाय, हे विचारायची घरात कुणाची टाप नाही.

मी नांदेडचा. मला तो आमच्या स्टेशनवर सचखंड एक्सप्रेसची वाट बघत लवंडलेला वाटला. पार अमृतसरपर्यंत जायचं तर माणूस आधी पाठ टेकवून घेणारच! दाजी पक्के लातूरकर. रेघा रुळांच्या आहेत, इथवर आमचं जमलं. पण त्यांच्या मते 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, तिची वाट बघून बघून हा आडवा झालाय.

‘मग घागर कुठाय?’

‘नंबरात लावलीय.’

यावर काय बोलणार? विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे भांडण 2009 पासून निघतंय. त्यामानानं हे लवकर मिटलं, म्हणजे मी जेवायला उठलो.

ताईचं दुखणं वेगळंच. ए ग्रेड आली तर दहावीला 7 वाढीव गुण, बीला 5, सीला 3. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात, क्लासेसच्या गल्लीत राहून लेकरानं दिवसाढवळ्या झोपलेला माणूस काढावा? तिनं खोडरबर पुढं केलं. विषयच विश्रांतीचा आहे, हे त्यानं सांगून पाहिलं. शेवटी तडजोड झाली: माणूस झोपू दे, पण छातीवर उघडं पुस्तक पाहिजे.

ठेवलं. आता पुस्तक कोणतं, यावर फोन चालू आहेत. आबा ज्ञानेश्वरी म्हणतात. ताईनं पेन्सिलीनं ‘जीवशास्त्र’ लिहूनही टाकलंय, आणि दाजी विचारतायत, एक हात मोकळाच आहे तर त्यात फिजिक्स का नको?