श्री. सेमटूसेमकर

पनीर बटर मसाल्याचा पहिला घास तोंडात गेला की सेमटूसेमकर डोळे मिटतात. पाहणाऱ्याला वाटतं, ब्रह्मानंदी टाळी लागली. तसं काही नसतं. आत पंचनामा चालू असतो. "काजू आहेत... मगज पण आहे... कसुरी मेथी शेवटी चुरून टाकलीय," असं पुटपुटत ते डोळे उघडतात, मेनूकार्डावरची किंमत पुन्हा एकदा वाचतात आणि निकाल देतात, "तीनशे वीस रुपये! अहो, शंभरात होतं हे घरी. सेम टू सेम!" समोर बसलेल्या वहिनी तेवढ्यात वाटीच्या तळाची ग्रेव्ही रोटीने मुकाट्याने पुसून घेतात. पुढचे पंधरा दिवस आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय, ते त्यांना कळलेलं असतं.

हे आडनाव अर्थातच खरं नाही. खरं आडनाव तुमच्या सोसायटीत, बहुधा तुमच्याच विंगमध्ये, एखाद्या दारावर लावलेलं आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बऱ्यापैकी. लग्नानंतरची पहिली वीस वर्षं स्वयंपाकघरात गेले ते फक्त पाणी प्यायला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, हॉटेलं बंद झाली आणि सेमटूसेमकर प्रथमच ओट्यापाशी उभे राहिले. पुढे हॉटेलं उघडली. हे काही ओट्यापासून हलले नाहीत.

आता कोणी म्हणेल, नवरा स्वयंपाक करतो, नशीबवान आहेत वहिनी. पण गैरसमज नको. आमटी, पोळ्या, भेंडीची भाजी हे विषय त्यांच्या अखत्यारीत येत नाहीत. "अहो, जरा कुकर लावा," असं वहिनी म्हणाल्या तर "मला कुठे येतं?" असं ते लहान मुलाच्या चेहऱ्याने विचारतात. जे पार्सल मिळतं तेवढंच त्यांना येतं.

त्यांचा 'शंभरात होतं' हा हिशेबही एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. पनीर, कांदे, टोमॅटो एवढंच त्यात धरायचं. काजू 'घरातच होते'. ते दिवाळीच्या चिवड्यासाठी आणलेले होते ही गोष्ट वेगळी. बटर 'तसंही आणतोच'. लोखंडी कढई ही 'गुंतवणूक'. आणि तीन चमचे वापरून उरलेलं क्रीम 'लागेल कशाला तरी'. अशा कशाला तरी लागणाऱ्या बाटल्या त्यांच्या फ्रिजच्या दारात सकाळच्या लोकलसारख्या उभ्या असतात : सोया सॉस, रेड चिली, ग्रीन चिली, व्हिनेगर, शेजवान चटणी. खालच्या कप्प्यात सेलरीची जुडी. तिच्या दोन काड्या कामी आल्या. बाकीची जुडी वहिनींनी कोथिंबीर समजून निवडायला घेतली, वास घेतला आणि होती तशी परत ठेवली.

फ्राइड राइसचा बेत असला की तयारी आदल्या दिवसापासून. भात शिळाच हवा, हा त्यांचा आग्रह तसा रास्त आहे. ताजा भात ओलसर असतो, परतताना त्याचा लगदा होतो; रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की दाणा कोरडा पडून सुटा होतो. म्हणून शुक्रवारी रात्री भाताच्या पातेल्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी लागते आणि सगळं घर पोळी-ताकावर झोपतं. शनिवारी कढई धुरावेपर्यंत तापते. मिरची-लसणाचा ठसका जिन्याने उतरत तळमजल्यावर पोचतो आणि तिथल्या काकूंचा 'काही जळतंय का हो?' म्हणून फोन येतो. एवढं करूनही सेमटूसेमकरांचा चेहरा पडलेलाच. "आच नाही हो! चायनीजवाल्याची भट्टी हाय-प्रेशरची. कढईत ज्वाळा शिरते त्याच्या. आपला सिलिंडर 14.2 किलोचा, त्यावर लो-प्रेशरचा रेग्युलेटर. काय डोंबल होणार?" 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा उल्लेख ते करतात तेव्हा त्यांचा आवाज हळवा होतो.

वहिनी चव घेतात. "छान झालाय," त्या मनापासून म्हणतात. "पण शिळा भात लसूण-मिरचीवर परतला की माझी आई त्याला फोडणीचा भात म्हणायची. त्याला आदल्या दिवशी चिठ्ठी लावत नव्हती."

व्हेज मांचुरियनच्या दिवशी आधी व्याख्यान असतं. मांचुरिया प्रांताशी या पदार्थाचा काडीचा संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग 1975 साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होते. काहीतरी नवीन करा, असं गिऱ्हाईक म्हणालं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपला नेहमीचा ऐवज घेतला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. तेव्हा चिकनचं होतं, कोबी नंतर आला. "थोडक्यात," सेमटूसेमकर समारोप करतात, "हा पदार्थ चर्चगेटचा आहे!" वहिनी कढईत डोकावतात. "म्हणजे गोळ्यांची आमटीच की. फक्त काळी."

पण या माणसाच्या निष्ठेला तोड नाही, हेही मान्य केलं पाहिजे. तंदूर चारशे अंशांच्या पुढे तापतो आणि घरचा ओव्हन अडीचशेला हात टेकतो, हे कळल्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. यांनी रोटीच्या एका बाजूला पाणी लावलं, ती बाजू लोखंडी तव्याला चिकटवली आणि तवा उचलून आचेवर उपडा धरला. युक्ती खरी आहे. रोटी फुगते, तिला काळे डागही पडतात. फक्त तवा लोखंडीच हवा. पहिल्या दिवशी त्यांनी नॉनस्टिक घेतला होता. रोटी त्याला चिकटली नाही, बर्नरला चिकटली.

दाल मखनीच्या वेळची गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखत घडली. डाळीला कोळशाची धुरी हवी होती. निखारा डाळीत ठेवलेल्या वाटीत टाकायचा, वर तुपाचे थेंब सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचं. पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निखारा आणायचा कुठून? सेमटूसेमकर चिमटा आणि स्टीलची वाटी घेऊन खाली इस्त्रीवाल्याकडे गेले. त्या भल्या माणसाने इस्त्री उघडून एक लालबुंद निखारा दिला. लिफ्टमध्ये मी, धुराची वाटी आणि ते. "फुंका जरा," ते मला म्हणाले, "विझला तर परत जावं लागेल." वॉचमन जिन्याने धावत वर आला तोवर डाळीवर झाकण पडलं होतं. डाळ झक्क झाली होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वासावरून वाटतंय, बाही नीट बसलीय."

इतकं सगळं साधलं तरी काहीतरी उणं राहतंय, अशी त्यांना चुटपुट होती. अखेर शोध लागला, की उणं होतं ते पार्सल! कढईतून थेट ताटात वाढलं तर ती चव येणारच कशी? हॉटेलातून घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं जातात, तेवढ्यात झाकणाखाली वाफ कोंडते, सगळं एकमेकांत मुरतं. त्या दिवसापासून धुऊन जपून ठेवलेले प्लॅस्टिकचे काळे डबे बाहेर निघाले. भाजी डब्यात, रोट्या फॉइलमध्ये, कांदा-लिंबाची वेगळी पुडी, आणि पिशवीला अशी गाठ की ती दातांनीच सुटावी. मग ती पिशवी स्कूटरला अडकवून ते मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून येतात आणि स्वतःच्याच दाराची बेल दाबतात. "चमचे?" लेक विचारते. "विसरले बघ," ते समाधानाने सांगतात. हॉटेलवालेही विसरतातच.

शेवटचा गड होता तो ग्रेव्हीचा. हॉटेलात प्रत्येक भाजी पहिल्यापासून कोणी करत नाही. कांदा-टोमॅटोची, काजू-मगजाची अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असतात. ऑर्डर आली की डाव-दोन डाव कढईत घ्यायचे, पनीर नाहीतर मटार टाकायचे, वर क्रीम सोडायचं, की दहा मिनिटांत भाजी टेबलावर. हे उमगल्यावर सेमटूसेमकरांनी एका रविवारी पातेलंभर ग्रेव्ही शिजवली आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवली. सोमवारी त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्याच्या लिंबूसरबतात नारिंगी बर्फ तरंगत होता. पाहुण्याने सभ्यपणे सगळं सरबत संपवलं आणि चहा नको म्हणाला.

त्यानंतर आम्हाला जेवायचं आमंत्रण आलं. टेबलावर चार डबे : पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, मेथी मटर मलई. रंग अगदी हॉटेलचे, तवंगही तसाच. जेवता जेवता माझ्या बायकोच्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, सगळं छान झालंय, पण खरं सांगू? चारही भाज्यांची चव एकच लागतेय."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तोवर सेमटूसेमकर उठून उभे राहिले होते. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "वहिनी, तुम्हाला कळलं! याच्यापुढे काही उरलं नाही आता. ऐकलंस का गं?"

"ऐकलं," सेमटूसेमकर वहिनींनी आमटीची वाटी तोंडाला लावली. तेवढी त्यांनी स्वतःपुरती वेगळी केली होती. "तुमचं मनासारखं झालं, आता माझंही होऊ दे. उद्यापासून मी बाहेर जेवणार. कोपऱ्यावर नवीन खानावळ निघालीय. भाव विचारून आलेय, परवडतो. दारावर पाटी आहे, 'येथे घरगुती जेवण मिळेल'."